कुणीच न पाहिलेली राणी

तिचा चेहरा तिच्या प्रजेतल्याही मोजक्याच लोकांनी पाहिला होता. तिच्या देशाच्या पहिल्यावहिल्या इतिहासग्रंथांत तिचं नाव नाही. तिची राजधानी कुठं होती, यावर तीनशे वर्षं वाद चालूच आहे. आणि तरी जवळपास १८०० वर्षांनंतरही जपानमधल्या शाळकरी मुलांना ती पक्की माहितीये. कोण ही हिमिको?

‘टॉम्ब रेडर’ खेळलाय का कधी? २०१३ साली आलेला तो गेम आठवत असेल, तर ही गोष्ट चटकन कळेल. लारा क्रॉफ्टचं जहाज एका बेटापाशी फुटतं. बेटाचं नाव यामाताई. तिथून कुणालाच सुटता येत नाही, कारण निघायचा प्रयत्न केला की वादळ उठतं. आणि ती वादळं उठवतं कोण? तर कधीच मेलेली, पण संपायला तयार नसलेली एक राणी. हिमिको!

पुढं २०१८ साली सिनेमा आला. त्यात मात्र हिमिको एकदम उलटी. तिथं तिच्या शरीरात भयंकर रोग आहे आणि तो इतरांना होऊ नये म्हणून ती स्वतःहून थडग्यात जाते. पाच वर्षांत खलनायिकेची थेट त्यागमूर्ती झाली.

दोन्ही गोष्टी अर्थातच रचलेल्या. राणी मात्र रचलेली नाही. हिमिको नावाची बाई तिसऱ्या शतकात जपानमध्ये खरोखर होऊन गेली. तिनं वादळं उठवली नाहीत. उलट उठलेलं एक मोठं वादळ तिनं शमवलं. तिची खरी गोष्ट गेम आणि सिनेमापेक्षा जास्त भारी आहे.

भांडून दमले, मग तिला निवडलं

त्या काळी जपान नावाचा एक देश नव्हताच. चिनी लोक या बेटांवरच्या माणसांना ‘वा’ म्हणायचे. भातशेती रुजून बराच काळ लोटला होता. शेती आली की जमीन आली, पाणी आलं, धान्याची कोठारं आली आणि मागोमाग भांडणंही आली. छोटी छोटी राज्यं एकमेकांच्या उरावर बसलेली. क्यूशू बेटावर योशिनोगारी नावाचं त्या युगातलं एक मोठं गाव उत्खननात सापडलंय. गावाभोवती खंदक, कुंपणं, टेहळणीचे मनोरे. तिथं मोठ्या मडक्यात पुरलेला एक सांगाडा मिळाला, त्याला मुंडकंच नाही. हा सांगाडा हिमिकोच्या आधीच्या काळातला, पण भांडणं किती जुनी आणि कशी जीवघेणी होती, हे कळायला तो पुरेसा आहे.

चिनी नोंदी सांगतात, की वा देशात सत्तर-ऐंशी वर्षं पुरुष राजे होते. मग युद्ध पेटलं आणि वर्षानुवर्षं चाललं. शेवटी सगळे दमले आणि त्यांनी मिळून एका बाईला गादीवर बसवलं. ती हिमिको. हा प्रसंग साधारण दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा मानला जातो.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तिनं गादी जिंकली नव्हती. कुणाची बायको किंवा कुणाची आई म्हणूनही ती तिथं पोचली नव्हती, निदान तशी काही नोंद नाही. एकमेकांवर विश्वास न उरलेल्या माणसांनी तिच्यावर विश्वास ठेवला होता.

का ठेवला? तर ती देवाधर्मातली होती. आत्म्यांशी बोलायची, कौल लावायची, पुढचं सांगायची. त्या समाजात प्रवासाला निघायचं असो की मोठं काम काढायचं असो, लोक हाडं भाजून त्यांना पडलेल्या भेगांवरून शकुन बघायचे. अशा ठिकाणी देवाचा शब्द जिच्या तोंडून येतो, तिच्यापुढं कुणाला माघार घ्यायला लाज वाटत नाही. शेजारच्या राजापुढं वाकणं म्हणजे हार, पण देवापुढं वाकण्यात कसली हार? युद्ध थांबवायला लागणारी पळवाट हिमिकोनं सगळ्यांना मिळवून दिली, असंही म्हणता येईल.

दिसत नव्हती, पण सगळं बघत होती

राणी झाल्यावर हिमिको लोकांना दिसेनाशी झाली. लाकडी कुंपणाआड तिचा वाडा होता. भोवती मनोरे आणि हत्यारबंद पहारा. सेवेला एक हजार बायका. पुरुष एकच, तो जेवणखाण आत न्यायचा आणि तिचे निरोप बाहेर आणायचा. तिनं लग्न केलं नाही. कारभारात मदतीला धाकटा भाऊ होता.

आज एक दिवस पोस्ट टाकली नाही तर लोक विसरतील अशी धास्ती आपल्याला वाटते. हिमिकोचं गणित नेमकं उलटं होतं. ती जितकी कमी दिसे, तितका तिचा दबदबा वाढे.

पण म्हणून ती आत बसून नुसती पूजाअर्चा करत होती असं समजू नका. तिच्या हाताखाली तीसेक छोटी राज्यं होती. एकट्या यामाताईत ७० हजारांहून जास्त घरं होती, असं चिनी नोंद सांगते. कर गोळा होत होता आणि तो साठवायला कोठारं होती. राज्याराज्यांत बाजार भरत आणि त्यांच्यावर अधिकारी नेमलेले होते. इतो नावाच्या ठिकाणी एक बडा अधिकारी बसवलेला होता, त्याला बाकीची राज्यं वचकून असत. परदेशातून येणारी पत्रं आणि भेटवस्तू तिथल्या बंदरावर तपासल्याशिवाय राणीकडे जात नसत.

तिची खरी चलाखी दिसते ती परराष्ट्र व्यवहारात. त्या काळी चीन तीन राज्यांत फुटला होता. उत्तरेत वेई राज्य होतं. पण वेई आणि जपानच्या मधे, आजच्या ईशान्य चीनमध्ये आणि कोरियाच्या काही भागात, कुंगसुन नावाच्या घराण्याचा अंमल होता. २३८ साली वेईच्या सेनापतीनं, सिमा यी यानं, या घराण्याचा पाडाव केला. रस्ता मोकळा झाला. आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते पुढच्याच वर्षी, २३९ साली, हिमिकोचे दूत समुद्र ओलांडून वेईच्या दरबारात हजर! टीव्ही नाही, तार नाही, तिच्या देशात लिहिण्यावाचण्याचाही रिवाज नाही. तरी चार भिंतींच्या आत बसलेल्या या बाईला समुद्रापलीकडं वारं कुठून वाहतंय हे वेळेत कळलं होतं.

दूतांच्या प्रमुखाचं नाव नाशिमे. त्यांनी सोबत नेलेल्या भेटी तशा साध्याच होत्या. नक्षीदार कापडाचे दोन तुकडे आणि दहा गुलाम, चार पुरुष आणि सहा बायका. माणसं भेट म्हणून देण्याचा तो काळ होता आणि हिमिकोही त्याच काळातली होती. तिचं कौतुक करताना हे लपवायचं कारण नाही.

त्या बदल्यात वेई दरबारानं काय दिलं? रेशमी कापडांचे ठाणच्या ठाण, सोनं, मोती, दोन लांब तलवारी आणि काशाचे शंभर आरसे. शिवाय जांभळ्या फितीची सोन्याची मुद्रा आणि वेईचा स्नेही असलेला वा देशाचा राजा अशी पदवी. ही सगळी संपत्ती आपल्या लोकांना दाखव, म्हणजे आमचा तुझ्यावर लोभ आहे हे त्यांना कळेल, असंही दरबारानं बजावलं होतं. म्हणजे तो नुसता आहेर नव्हता. तीस राज्यांवर वचक ठेवायला कामी येणारा तो शिक्का होता.

गंमत म्हणजे या गोष्टीचा एक धागा भारतापर्यंत येतो. वेई दरबारानं अशीच स्नेही राजा ही पदवी साधारण दहा वर्षं आधी आणखी एकाला दिली होती. महान युएचींचा राजा, म्हणजे कुषाण राजा. तो पहिला वासुदेव असावा असं इतिहासकार मानतात. मथुरेचे शिलालेख ज्याची नावं मिरवतात, तोच हा वासुदेव. म्हणजे चिनी राजधानी लोयांगमध्ये बसून पाहणाऱ्याला पश्चिमेच्या टोकाला तो आणि पूर्वेच्या टोकाला आपली हिमिको, असे दोन दोस्त दिसत होते.

ती गेली आणि पुन्हा तलवारी निघाल्या

शेवटची वर्षं सोपी नव्हती. कुना नावाचं एक राज्य तिला कधीच जुमानत नव्हतं. २४७ साली हिमिकोचे दूत पुन्हा चिनी अधिकाऱ्यांकडे गेले, कुनाशी लढाई चालू आहे हे सांगायला. मदतीला सैन्य काही आलं नाही. एक अधिकारी आला, झेंडा आणि फर्मान घेऊन. आणि त्याच सुमारास हिमिको वारली. कशानं, ते कुठंच लिहिलेलं नाही.

तिच्यासाठी शंभर पावलं व्यासाची मोठी टेकडी रचली. शंभरावर दासदासी तिच्यासोबत पुरल्या गेल्या.

मग गादीवर एक पुरुष बसवला गेला. लोकांनी त्याला मानलं नाही. पुन्हा कापाकापी सुरू झाली, हजारावर माणसं मेली. शेवटी सगळे परत जुन्याच वाटेला आले. हिमिकोच्या नात्यातली एक मुलगी शोधली आणि तिला राणी केलं. तिचं नाव तोयो, काही जण इयो असं वाचतात. वय वर्षं तेरा. आणि देश शांत झाला.

हिमिकोच्या आधी युद्ध, हिमिकोनंतर युद्ध आणि मधे तिची लांबलचक कारकीर्द. तीही सगळी बिनभांडणाची नव्हती, कुना शेवटपर्यंत अडून राहिलंच. पण तीस राज्यं तिनं एकत्र धरून ठेवली. तिचं कर्तृत्व मोजायचं तर ते तिथं मोजायचं.

सगळा पुरावा दोन हजार अक्षरांचा

आता प्रश्न असा, की हे सगळं आपल्याला कळलं कुठून? हिमिकोच्या लोकांनी तर काही लिहून ठेवलं नव्हतं. ही माहिती आहे चीनच्या तीन राज्यांच्या इतिहासात. तो लिहिला चेन शोऊ या इतिहासकारानं, हिमिकोच्या मृत्यूनंतर काही दशकांनी. त्यातला वा लोकांवरचा भाग जेमतेम दोन हजार चिनी अक्षरांचा आहे. चेन शोऊ जपानला गेला नव्हता. जाऊन आलेल्यांचे अहवाल आणि आधीची पुस्तकं यांच्या आधारे त्यानं लिहिलं.

तिचं नाव लिहायला चिनी लेखनिकांनी जी अक्षरं वापरली, त्यातल्या पहिल्याचा अर्थ होतो क्षुद्र, हलकं. परक्या लोकांची नावं अशा अक्षरांत लिहायची त्यांची पद्धतच होती. हिमिको हा उच्चारही आजचा. बऱ्याच अभ्यासकांना वाटतं, की हे नावच नसावं, सूर्याची कन्या किंवा राजकन्या अशा अर्थाची पदवी असावी. म्हणजे जगप्रसिद्ध झालेल्या या बाईचं खरं नावसुद्धा आपल्याला ठाऊक असेलच असं नाही.

आणि जपानचे स्वतःचे ग्रंथ? सर्वांत जुने दोन म्हणजे ७१२ सालचा ‘कोजिकी’ आणि ७२० सालचा ‘निहोन शोकी’. त्यांत हिमिको हे नाव एकदाही येत नाही. ‘निहोन शोकी’ लिहिणाऱ्यांनी चिनी नोंद वाचली होती, हे नक्की. जिंगू या सम्राज्ञीच्या प्रकरणात त्यांनी तिचा आधार घेतलाय. पण राणीचं नाव वगळलं. राजघराण्याची सलग वंशावळ मांडायला बसलेल्यांना ही चीनला नजराणे पाठवणारी, लग्न न केलेली, कौल लावणारी राणी कुठल्याच रकान्यात बसवता आली नसावी.

राजधानी नेमकी कुठं?

चिनी नोंदीत यामाताईला जायचा रस्ता दिलाय. कोरियातून निघा, त्सुशिमा बेट घ्या, इकी बेट घ्या, क्यूशूला उतरा. इथवर सगळं नकाशाशी जुळतं. पुढं मात्र घोळ. शेवटच्या टप्प्यांत दक्षिणेला वीस दिवस पाण्यातून, मग पुन्हा दक्षिणेला दहा दिवस पाण्यातून आणि महिनाभर जमिनीवरून. हा पत्ता शब्दशः धरून निघालात तर तुम्ही थेट प्रशांत महासागरात!

मग वाद सुरू. एक गट म्हणतो, दक्षिण हे चुकून लिहिलंय, पूर्व वाचा. तसं वाचलं की आपण नाराजवळच्या यामातो प्रदेशात पोचतो. दुसरा गट म्हणतो, दिशा बरोबर आहे, दिवस चुकलेत, यामाताई क्यूशूतच होती. १९१० साली क्योतोचे नाइतो कोनान आणि तोक्योचे शिरातोरी कुराकिची या दोन प्राध्यापकांनी या दोन बाजू लावून धरल्या आणि ते भांडण आजही मिटलेलं नाही.

या वादात फक्त प्राध्यापक नाहीत, हे विशेष. क्यूशूतल्या शिमाबाराचे मियाझाकी कोहेई यांची दृष्टी गेलेली होती. त्यांची बायको काझुको त्यांना जुने ग्रंथ वाचून दाखवायची, हात धरून क्यूशूभर फिरवायची. १९६७ साली त्यांचं यामाताईवरचं पुस्तक आलं आणि ते तुफान खपलं. घराघरांत लोक नकाशे काढून बसले. नवराबायकोच्या या शोधावर २००८ साली सिनेमाही आला. जी राणी कुणाला दिसली नाही, तिला शोधायला एक न दिसणारा माणूस निघाला आणि सगळ्या देशाला सोबत घेऊन गेला.

यामातोच्या बाजूनं सर्वांत मोठा पुरावा म्हणजे साकुराई शहरातली हाशिहाका ही समाधी. वरून पाहिली तर किल्लीच्या भोकासारखा आकार, लांबी सुमारे २८० मीटर. चिनी मापातली शंभर पावलं दीडशे मीटरच्या आसपास भरतात आणि हाशिहाकाचा गोल भागही साधारण तेवढाच आहे. २००९ साली कार्बन चाचणीवरून तिचा काळ २४० ते २६० असा सांगण्यात आला. हिमिकोच्या मृत्यूशी अगदी जुळणारा! पण सगळ्यांना ते पटलेलं नाही. आणि खोदून बघायचं तर सोय नाही. ही समाधी राजघराण्यातल्या दुसऱ्याच एका राजकन्येची म्हणून सरकारदरबारी नोंदलेली आहे, त्यामुळे सम्राटांच्या कारभाराचं खातं आत उत्खनन करू देत नाही.

जवळच्याच माकिमुकू इथं त्या काळातल्या एका मोठ्या इमारतीच्या खुणा मिळाल्या आणि शेजारच्या खड्ड्यात पीच फळाच्या दोन हजारांवर कोया. पीच हे वाईट शक्तींना दूर ठेवणारं फळ मानलं जायचं, म्हणजे इथं मोठा विधी झाला असणार. क्यूशूवालेही गप्प नाहीत. २०२३ साली योशिनोगारीत दगडी शवपेटी उघडली, तेव्हा सगळा देश डोळे लावून बसला होता. आत लाल रंगाचे अंश होते, पण आरसा नाही, तलवार नाही, मुद्रा नाही. राणीनं पुन्हा हुलकावणी दिली.

मग ती इतकी प्रसिद्ध झाली कशी?

दुसऱ्या महायुद्धापर्यंत जपानी शाळांत इतिहास सुरू व्हायचा तो सूर्यदेवी आमातेरासू आणि तिच्या वंशातला पहिला सम्राट जिम्मू यांच्यापासून. १९४५ नंतर पुराणकथा बाजूला ठेवून नव्यानं पुस्तकं लिहायची वेळ आली. सुरुवात कुणापासून करायची? तेव्हा कामी आली ती हिमिको. आज सहावीच्या अभ्यासक्रमात ४२ ऐतिहासिक व्यक्तींची यादी आहे आणि तिच्यात पहिलं नाव हिमिकोचं आहे. ज्यांनी तिला इतिहासातून गाळलं, त्यांच्या वारसांना इतिहास तिच्यापासूनच सुरू करावा लागला.

मग काय, प्रत्येकानं आपापली हिमिको काढली. ओसामू तेझुकांच्या ‘फिनिक्स’ या मांगात ती चिरतारुण्याच्या मागं लागलेली म्हातारी राणी आहे. तोक्योच्या सुमिदा नदीत अंतराळयानासारखी दिसणारी हिमिको नावाची बोट फिरते, तिची रचना ‘गॅलेक्सी एक्स्प्रेस ९९९’वाले लेइजी मात्सुमोतो यांची. आणि २००९ साली सुबारू दुर्बिणीतून जपानी खगोलशास्त्रज्ञांना सुमारे १२९० कोटी प्रकाशवर्षांवर वायूचा एक अवाढव्य गोळा दिसला. तो नेमका काय आहे ते कुणालाच कळेना. नाव काय ठेवलं असेल? हिमिको!

जिचा चेहरा माहीत नाही, तिला हवा तो चेहरा देता येतो. तिच्या प्रसिद्धीचं एक कारण हेही आहेच. पण त्या चेहऱ्यांच्या गर्दीत एक साधा प्रश्न मागं पडतो. हिमिकोनंतरही जपानच्या गादीवर बायका बसल्या. सुइकोपासून पुढं एकूण आठ सम्राज्ञी होऊन गेल्या. १८८९ साली मात्र कायद्यानं गादी फक्त पुरुषांची केली आणि १९४७ च्या नव्या कायद्यातही ते तसंच राहिलं. आजचे सम्राट नारुहितो यांना एकच अपत्य आहे, राजकन्या आइको. तिला गादीवर बसता येत नाही. ज्या देशातली पोरं इतिहासाच्या पुस्तकात पहिलं नाव राणीचं वाचतात, त्या देशात आज राणी होता येत नाही.

हिमिकोची समाधी उद्या सापडेलही. सोन्याची ती मुद्रा मिळाली, तर राजधानीचा वाद एका दिवसात मिटेल. पण तिच्याबद्दलची सर्वांत मोठी गोष्ट समजायला कुदळ लागत नाही. ती त्या दोन हजार अक्षरांत कधीपासून लिहिलेली आहे. माणसं भांडत होती. मग ती आली आणि भांडण थांबलं. ती गेली आणि माणसं पुन्हा भांडली. मग त्यांनी तिच्यासारखीच कुणीतरी शोधली, तेरा वर्षांची पोर.